उपकार कसे फेडावेत?



काही महिन्यांपूर्वी माझ्या पत्नीला मध्यरात्री इस्पितळात न्यावे लागले. तातडीने शस्त्रक्रिया ठरली, रक्ताच्या चार बाटल्या हव्या होत्या. उजाडायच्या आत आपल्या धर्मग्रामातील सहा जण रक्त द्यायला हजर! त्यांत असाही एक होता, ज्याच्याशी बांधाच्या वादावरून मी वर्षभर बोललो नव्हतो. चूक माझीच होती.

‘आपण कुणाचे देणे लागत नाही’ असा मला अभिमान होता. तो त्या रात्री गळाला. आपल्या देशात रक्तविक्रीवर १९९८ पासून बंदी आहे. पण बंदी नसती तरी त्या रक्ताचे मोल मी काय देणार होतो?

मार्कच्या शुभवर्तमानातला (अध्याय २) पक्षघाती माणूस आठवला. चौघांनी त्याला उचलून आणले, छप्पर उघडून प्रभूपुढे सोडले. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला. त्या चौघांची नावे कुठेच नाहीत. बरा झालेला माणूस मात्र आपली खाट स्वतः उचलून घरी गेला. आता दुसऱ्याची खाट धरायलाही त्याचे हात मोकळे होते.

उपकार फिटत नाहीत, पण पुढच्या खाटेला हात लावता येतो. रक्तदात्यांच्या यादीत मी नाव दिले आहे. रात्री-अपरात्री हाक मारा. आणि बांधापलीकडच्या घरी मी स्वतः जाऊन आलो आहे.

देव आपणा सर्वांचे भले करो.

– आपला एक ऋणी बंधू