गळती कोणाच्या अंगणात?

डॅलसचा जुलै महिना म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी अशाच एका जुलैत बाहेर पारा 103 अंशांवर होता आणि आमच्या घरात एसी चालू असूनही 84! थर्मोस्टॅट बिचारा 76 वर लावलेला. यंत्र साफ बंद पडलं असतं तर मी लगेच फोन केला असता. पण ते बंद नव्हतं, नुसतं अशक्त झालं होतं. आणि अशक्त यंत्र दिसलं की आपल्यातला इंजिनिअर जागा होतो. म्हटलं, बघूया तरी, आपल्यालाच जमतंय का.

त्याच सुमारास नागपूरहून आई आली होती. नागपूरच्या माणसाला उन्हाचं काय ते अप्रूप? "आमच्याकडे पंचेचाळीस असतं रे," असं म्हणून ती वरच्या खोलीत वारा घेत बसायची. मला वाटलं, चला, घाई नाही.

खरं तर ही खोड मला घरूनच लागली. एप्रिल लागला की बाबा कूलर बाहेर काढायचे. जुन्या ताट्या काढून नवा वाळा भरायचा, टाकीच्या तळाला डांबर लावायचं, पंप पुसून बघायचा. पाना आणि बादली धरायला मी. आपला हात जगन्नाथ, हे बाबांचं आवडतं वाक्य. शेजारी मात्र हसायचे. शिकल्या-सवरलेल्या, बँकेतल्या माणसानं हात काळे करायचे म्हणजे काय! लेखणी धरणाऱ्यानं पाना धरायचा नाही, तो ज्याचा आहे त्यानं धरायचा, ही आपल्याकडची जुनी वाटणी. तिच्यात कामाची सोय कमी आणि माणसांची उतरंड जास्त होती. इथे येऊन एम.एस. करताना स्वतःची कामं स्वतः करायला लागलो, तेव्हा बाबांचं मोल कळलं. म्हणून दुरुस्ती स्वतः करणं हा माझ्यासाठी नुसता पैशांचा प्रश्न नव्हता. त्यात थोडं तत्त्व होतं आणि, आता कबूल करतो, बराचसा तोरा होता.

पहिल्या दिवशी फिल्टर काढला. तो राखाडी गोधडीसारखा झाला होता. नवा बसवला. दुसऱ्या दिवशी ब्रेकर बंद करून बाहेरच्या युनिटवरचा कचरा काढला, जाळीवर होसपाइपनं हलकं पाणी मारलं, पाणी वाहून नेणाऱ्या नळीत व्हिनेगर ओतलं. आत जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा यांच्यात साधारण 15 ते 20 अंशांचा फरक पडायला हवा. माझ्याकडे तो 8 होता, तो 11 झाला. मी खूश! पण घर काही थंड होईना.

तिसऱ्या दिवशी कपॅसिटर बदलायचा विचार होता. वीज बंद केल्यावरही त्यात भार साठून राहतो आणि तो जीवघेणा झटका देऊ शकतो. बायकोनं शांतपणे विचारलं, "विम्याचे कागद कुठे ठेवलेत, तेवढं आधी सांगून ठेव." मी पाना खाली ठेवला. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात चूक झाली की मागची आवृत्ती परत आणता येते. त्या डब्यासमोर तशी सोय नव्हती.

चौथ्या रात्री पाणी प्यायला उठलो तर आई ओला टॉवेल मानेवर घेऊन जिन्यात बसलेली. खालच्या पायऱ्या जरा गार होत्या. "तू शिकतो आहेस ना, मग कशाला मध्ये बोलायचं," म्हणाली. मला एकदम लाज वाटली. शिकत मी होतो आणि फी ती भरत होती.

सकाळी मेकॅनिकला बोलावलं. मीटर लावून त्यानं कपॅसिटर ठीक असल्याचं सांगितलं. वायू मात्र सुमारे दोन पौंड कमी होता. हा वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतच फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. त्यानं दोन पर्याय ठेवले. आत्ता वायू भरून देतो, हा उन्हाळा बहुधा निघेल. किंवा गळती शोधून बुजवतो, पण उद्या, आणि खर्च जवळजवळ चौपट.

खरा प्रश्न इथे उभा राहिला. अमेरिकेत हा वायू मुद्दाम हवेत सोडायला बंदी आहे, आणि वायूचा बंद भाग उघडायला सरकारमान्य प्रमाणपत्र लागतं. पण घरगुती एसीची गळती बुजवलीच पाहिजे, अशी सक्ती हा कायदा करत नाही. ती मोठ्या यंत्रांसाठी. म्हणजे निर्णय माझ्यावर. आमच्या यंत्रातला आर-410ए ओझोनला धक्का लावत नाही, जुना आर-22 लावायचा. पण वातावरण तापवण्यात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट भारी. दोन पौंड गळणं म्हणजे गाडीत दोनशेहून जास्त गॅलन पेट्रोल जाळण्यासारखं. आणि ते कुणाला दिसत नाही, वास येत नाही.

बाबांचा कूलर गळला की पाणी आमच्याच फरशीवर यायचं आणि आम्हीच पुसायचो. हा एसी गळतो तेव्हा ओझं दुसऱ्याच्या अंगणात पडतं, कदाचित कूलरही नसलेल्या घराच्या. तेव्हा मला वाटलं, "मला जमेल का" हा प्रश्न अपुरा आहे. माझी चूक कोण भोगणार, हे आधी विचारायला हवं. फिल्टर चुकीचा बसला तर मी भोगेन. तिथे जरूर शिकावं, हात काळे करावेत. कपॅसिटरशी चुकलो तर घरचे भोगतील. वायू गळत ठेवला तर ज्यांना माझं नावही माहीत नाही, ते भोगतील. तिथे काटकसर हा शब्द शोभत नाही.

याला उत्तर आहे, मला ठाऊक आहे. जगाच्या पसाऱ्यात माझे दोन पौंड ते काय? आणि महिन्याच्या खर्चाचीच ओढाताण असलेल्या घराला चौपट पैसे कुठून परवडणार? दुसरा मुद्दा मला मान्य आहे. अशा माणसाला मी दोष देणार नाही. पण माझी ती अडचण नव्हती. आणि "माझं एकट्याचं काय ते" हे वाक्य जगातल्या प्रत्येक अंगणातून म्हणता येतं, हीच त्यातली गोम.

गळती बुजवायची ठरवली. एक रात्र आम्ही सगळे मित्राकडे झोपलो, आईला पत्त्यांचा डाव मिळाला. दुसऱ्या दिवशी त्या मेकॅनिकनं साबणाच्या फेसानं बाहेरच्या युनिटजवळचा एक सांधा पकडला आणि आम्हालाही बोलावून बुडबुडे दाखवले. मी त्याला चहा दिला. तो आमच्याच टेबलाशी बसून प्यायला. बाबांना ते आवडलं असतं.

आता फिल्टर बदलायचं काम माझ्या मुलीकडे आहे; ती त्यावर तारीख लिहिते. मेकॅनिकचा नंबरही तिनंच फ्रिजवर लावलाय. आई फोनवर अजून विचारते, "काय रे, शिकलास का एसी?" मी म्हणतो, "थोडासा."