वाट पाहण्याची मजुरी

खालच्या मजल्यावरचे काका मोबाइल पुढे धरूनच दारात उभे राहिले. फोटोत त्यांच्या बाथरूमचं छत होतं आणि छतावर साधारण श्रीलंकेच्या आकाराचा डाग. "गेल्या महिन्यात बशीएवढा होता," म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

आमची इमारत १९९४ची. पुण्यातल्या या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही २०२१ साली पुनर्विक्रीत घेतला. तोही माझ्या नावावर, कारण बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत त्याच वर्षी सुरू झाली होती. (स्त्रीमुक्तीचा एवढा रोख लाभ मला एरवी कधी झालेला नाही.) नव्या इमारतीत बांधकामाचा दोष निघाला, तर ताबा दिल्यापासून पाच वर्षं बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा, असं 'रेरा' सांगतो. आमच्या इमारतीची पहिली पाच वर्षं तो कायदा जन्माला येण्याच्या कितीतरी आधीच उलटली होती. सोसायटीचे उपविधी पाहिले. पावसाचं पाणी किंवा बाहेरची सामाईक पाइपलाइन गळली तर खर्च सोसायटीचा, घरातल्या मोरीचं पाणी मुरलं तर ज्याचा त्याने निस्तरायचा. म्हणजे डाग काकांचा आणि खर्च आमचा.

मग माणसं बघायला सुरुवात केली. पहिला आला तो लेटरहेडवाला. टाइल फोडायची नाही, फटींत केमिकल भरायचं, तीन तासांचं काम आणि दहा वर्षांची गॅरंटी. दुसऱ्याने संडास-बाथरूम दोन्ही फोडायला सांगितलं आणि वर नवे कमोड, नवे नळ, खोटं छत असा सगळा संसार मांडला. तिसरा मराठवाड्यातला मिस्त्री. तो गुडघ्यावर बसला, मोरीच्या जाळीत हात घालून बराच वेळ चाचपत राहिला आणि म्हणाला, "नहाणी ट्रॅपचा जॉइंट गेलाय. फोडल्याबिगर सांगता यायचं नाही, पण बहुतेक तोच."

तुम्ही कोणाला काम दिलं असतं? आम्ही पहिल्याला दिलं. त्याचं निदान पटलं म्हणून नव्हे, त्यात घरात धूळ होणार नव्हती म्हणून. आषाढ सरायच्या आत डाग परत आला आणि गॅरंटीच्या कागदावरचा नंबर लागेनासा झाला.

झालं काय होतं, ते नंतर मिस्त्रीनेच समजावलं. बाथरूमखालचा स्लॅब बाकी घरापेक्षा फूटभर खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यातून पाइप जातात, वर विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून कोबा करतात, त्यावर टाइल. ट्रॅपचा जॉइंट सुटला की पाणी या खड्ड्यात साठत राहतं, विटा ते पीत राहतात आणि मग सावकाश, वाट मिळेल तिथून, खालच्या छताला येतं. वरून फटी बुजवून या साठलेल्या पाण्याचं काहीच बिघडत नाही. डबक्यावर झाकण ठेवल्यासारखं.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल एक निबंध लिहिला. पुढे २००१ सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेलात त्याला वाटा मिळाला तो या कामासाठी. म्हणणं साधं होतं: गाडीतली खोड विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो आणि त्या किमतीला चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून उठून जातात. वॉटरप्रूफिंगचं त्याहून अवघड आहे. काम टाइलखाली गाडलं जातं. ते चांगलं झालं की वाईट, हे दोन पावसाळे गेल्याशिवाय घेणाऱ्यालाच काय, करणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग आपण काय पाहतो? लेटरहेड. किंवा माणूस किती आत्मविश्वासाने बोलतो ते. खरं तर 'बहुतेक' म्हणणारा मिस्त्री तिघांत सर्वांत प्रामाणिक होता आणि आम्ही त्याला त्या एका शब्दापायी नापास केलं होतं.

दुसऱ्या खेपेला त्यालाच बोलावलं. आता प्रश्न आला, काम रोजंदारीवर द्यायचं की उक्तं. या दोन शब्दांत कंत्राटाचं सगळं शास्त्र आहे. रोजंदारीवर दिलं तर काम लांबतं, चहा वाढतो, बिगारी वाळू चाळतच बसतो. उक्तं दिलं तर काम पळतं, सिमेंट पातळ होतं, जे दिसत नाही ते गाळलं जातं. लोक सहसा उक्तं देतात, कारण आकडा आधी कळतो. आम्हीही दिलं. त्याने ६८ हजार सांगितले, मी घासाघीस करून ६० वर आणले आणि संध्याकाळी नवऱ्याला ते जरा फुशारकीनेच सांगितलं.

फोडाफोड झाली, राडारोडा गोण्या भरून खाली गेला. ट्रॅपचा जॉइंट खरोखरच सुटलेला निघाला. नवा ट्रॅप बसला, कोपऱ्यांना गोलसर वाटा काढून झाल्या, कोबा झाला. आणि मग मिस्त्रीने मोरीला बोळा लावून बाथरूममध्ये घोट्याएवढं पाणी भरलं आणि हात धुतले.

"आता?"

"आता दोन दिवस काय नाही. पाणी उभं ऱ्हाऊ द्यायचं. खाली उतरतंय का बघायचं."

"एक दिवस नाही चालणार? घरात एकच दुसरं बाथरूम आहे, सासूबाई आहेत…"

तो थोडा थांबून म्हणाला, "ताई, उक्त्यात मलाबी परवडत न्हाई. दोन मान्सं बसून राहत्यात. पर उद्या पुन्हा फोडायला मलाच यावं लागंल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी घासाघीस करून वाचवलेले आठ हजार नेमके या दोन दिवसांतून आले होते. सिमेंटच्या गोणीची किंमत तो कमी करू शकत नव्हता, ट्रॅपची नाही, टाइलची नाही. कमी करता येण्याजोगी एकच गोष्ट होती, ती म्हणजे काहीही न करता थांबण्याचे दिवस. आणि घर गळणार की नाही, ते त्याच दिवसांवर ठरणार होतं.

वाट पाहण्याचे पैसे कोणी देत नाही, असं मात्र नाही. आम्ही महिन्याच्या महिन्याला देतो, बँकेला. ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, सात टक्के. हप्ता ३८,७६५ रुपये. सगळे हप्ते जोडले तर ९३ लाखांवर जातात, म्हणजे ४३ लाख हे बँकेने वीस वर्षं वाट पाहण्याची मजुरी. तीही ठरलेली नव्हे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला, आणि आमचं सात टक्क्यांचं व्याज त्याच्या मागोमाग साडेनवाकडे निघालं. ५० लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचं नुसतं व्याजच ३९,५८३ रुपये होतं, मूळ हप्त्यापेक्षा जास्त. बँकेने हप्ता वाढवला, मुदतही वाढवली, आणि हे सगळं एका एसएमएसवर कळवलं. अशा वेळी हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं ते ऑगस्ट २०२३मध्ये. तोवर आम्ही निमूटपणे 'ओके' म्हणून गप्प बसलो होतो. लाखांच्या त्या उलाढालीत मी एका रुपयाचीही घासाघीस केली नाही. करता येते, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. माझं सगळं कसब मिस्त्रीच्या आठ हजारांसाठी राखून ठेवलेलं.

जमिनीचंही तेच. आपण घराची किंमत म्हणून जी मोजतो, तिच्यातला मोठा भाग कोणीतरी जागा धरून ठेवल्याचा असतो. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला त्या वेळी त्याची गरजही होती. पण पुढे भाड्यासाठी घर बांधणं हा आतबट्ट्याचा धंदा झाला, चाळमालकाने दुरुस्ती सोडून दिली आणि मध्यमवर्गाला मालकीच्या फ्लॅटशिवाय रस्ता उरला नाही. १९६३चा 'मोफा' कायदा त्या नव्या बाजाराला लगाम घालायला आला. १९७६च्या कमाल जमीन धारणा कायद्यातून शहरातली जादा जमीन घरांसाठी मोकळी व्हायची होती, प्रत्यक्षात तिच्यापैकी बरीच खटल्यांत आणि सवलतींत अडकून पडली. महाराष्ट्राने तो कायदा २००७ साली मोडीत काढला. आणि २०११च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी निघाली. ज्या शहरात माणसं झोपायला जागा शोधतात, तिथे लाखो घरं कुलूप लावून भाव वाढण्याची वाट पाहत होती. या वाट पाहण्यालाही मोबदला मिळतो. त्याला आपण 'गुंतवणूक' म्हणतो आणि ती करणाऱ्याला हुशार.

मिस्त्रीच्या दोन दिवसांना मात्र आपल्याकडे शब्द आहे 'टाइमपास'.

पाणी भरून ठेवलेलं ते बाथरूम बंद होतं, त्याच आठवड्यात घरात दुसरी चर्चा झाली. माझा मुलगा अडीच वर्षांचा. त्याला सांभाळायला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मावशी येतात. गल्लीत एक पाळणाघर आहे, चांगलं आहे, पण मुलाला कणकण आली की ते घेत नाही आणि कणकण महिन्याआड येतेच. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, हा नियम मातृत्व लाभ कायद्यात २०१७च्या दुरुस्तीने आला. आमच्या ऑफिसात तीस माणसं, त्यामुळे तो नियम आम्हाला लागूच नाही. म्हणून मावशी.

नणंद आली होती. पगाराचा आकडा ऐकून म्हणाली, "अगं, दुपारी तीन तास तो झोपतोच की. तेवढे तास कशाला धरतेस? त्या वेळात भाजी निवडून घे, कपड्यांच्या घड्या करून घे त्यांच्याकडून."

मला ते पटलं होतं, हे कबूल करते. मी मावशींशी बोललेसुद्धा. त्या म्हणाल्या, "करीन की ताई. पण तो झोपल्यावरच जास्त बघावं लागतं. मी आत घड्या करत बसले अन् तो उठून गॅलरीत गेला तर?"

पुण्यात धुणं, भांडी, फरशी यांचे दर कामागणिक ठरतात. म्हणजे घरकामही उक्तंच. बाईला दहा मिनिटं लागोत की चाळीस, पैसे तेवढेच, म्हणून ती पळत असते. मूल सांभाळणं तसं उक्तं देता येत नाही, कारण त्यात 'झालेलं काम' असं दाखवायला काहीच नसतं. मुलाला काही झालं नाही, एवढंच ते काम. आणि दिसत नसलेल्या कामाचे पैसे कापायला आपला हात सगळ्यात आधी पुढे होतो. आपण तिला 'मावशी' म्हणतो, नात्याने बांधतो, पण नात्यातल्या मावशीला बरं नसलं तर आपण डबा घेऊन जातो. या मावशीला बरं नसलं तर कालनिर्णयवर फुली मारतो. आमच्याही भिंतीवर दुधाचे आणि मावशींचे खाडे एकाच पानावर होते.

याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता. मागण्या पगाराच्या होत्या तशा सुट्टीच्याही. त्यातून संघटना उभी राहिली. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा यायला २००८ उजाडलं. हक्काची सुट्टी मात्र अजूनही बहुतेक घरांत बाईसाहेबांच्या मर्जीवर आहे. मी स्वतःला पुरोगामी समजते आणि तरी फुल्या मारत होते, म्हणून हे लिहिण्याचा मला अधिकार आहे.

कोणी म्हणेल, तुम्हाला परवडतं म्हणून बोलता. हप्ता वाढलेल्या घरात आठ हजार ही लहान रक्कम नाही. मान्य. पण वरचा दाब आपण ज्या सहजपणे खाली उतरवतो, ती सहजता मला खुपते. बँक आपल्याला एसएमएस पाठवते, आपण मिस्त्रीचे दोन दिवस कापतो. मिस्त्री मग बिगाऱ्याचा रोज कापत असेल. पाण्यासारखंच आहे हे, वाट मिळेल तिथून खाली जातं. आणि शेवटी कोणाच्या तरी छताला डाग पडतो.

मिस्त्रीला मी त्या दोन दिवसांचा, दोघांचा, वेगळा रोज दिला. बाकी काम उक्तं आणि थांबणं रोजंदारीवर. त्याला हा हिशेब नवीन होता. "पाण्याकडं बघायचं पैसं?" असं म्हणून तो हसला, पण दोन्ही दिवशी सकाळ-संध्याकाळ येऊन, खाली काकांकडे जाऊन छताला हात लावून गेला. दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात ओल सापडली. तिथला कोबा त्याने पुन्हा केला आणि पाणी पुन्हा दोन दिवस भरलं. एकच दिवस पाणी ठेवलं असतं, तर ती ओल टाइलखाली गेली असती.

मावशींचे दुपारचे तीन तास आता फक्त मुलाचे आहेत. महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या ठरवल्या. कालनिर्णयवर आता खाडे फक्त दुधाचे असतात.

यंदाचा पाऊस चांगला झाला. खालचं छत कोरडं आहे, मी दर आठवड्याला जाऊन बघून येते. त्या डागाची पिवळट कड अजून दिसते, कारण काकांनी रंग दिलेला नाही. मी रंगाचे पैसे पुढे केले, तर त्यांनी घेतले नाहीत. "राहू दे," म्हणाले, "आणखी एक पावसाळा बघू."