खरा काटा

लेवीयाच्या १९ व्या अध्यायात देव आपल्या लोकांना आज्ञा देतो की, तागडी खरी असावी आणि वजनेही खरी असावीत. निपाणीकडच्या आमच्या मंडळीला ह्या आज्ञेचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. वखारीत तंबाखू घालणारा शेतकरी काट्यावरची नजर काढीत नाही. परंतु साक्षीलाही माप असते. ते खोटे ठेवले, तर तो दोष लहान आहे काय?

हा प्रश्न आमच्या स्वतःच्या चुकीतून निघाला आहे. ४ जुलै २०१२ रोजी जिनीव्हाजवळील सर्न ह्या संस्थेत हिग्ज बोसॉनसारखा नवा कण सापडल्याचे जाहीर झाले. वर्तमानपत्रांनी त्याला 'देवकण' म्हटले. पुढच्या रविवारी आम्ही उपदेशात आवेशाने सांगितले की, आता शास्त्रज्ञांनाही देव मानावा लागला. उपासनेनंतर बेळगावास कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने विचारले, "काका, असे त्यांनी कोठे म्हटले आहे?" आम्ही निरुत्तर झालो. ते नाव लिऑन लेडरमन यांच्या १९९३ च्या एका पुस्तकावरून पसरले होते. पीटर हिग्ज स्वतः देव मानीत नव्हते व त्यांना हे नाव आवडतही नसे.

मग शास्त्रज्ञ खरोखर काय म्हणतात? सिद्धांत असा की, मूलकण जितका जड, तितके त्याचे हिग्जशी नाते बळकट. हे बळ मोजण्याचे काम अद्याप चालू आहे. आजवरची मापे सिद्धांताशी जुळतात. पण ज्यांची मापे चांगली मिळाली आहेत, त्यांतही शेकडा ५ ते १० इतकी चूक राहू शकते. वखारीच्या काट्याने पोते तोलता येते, गुंजभर सोने नव्हे. सर्नच्या २७ किलोमीटरच्या यंत्रात प्रोटॉन आदळतात. प्रोटॉन हा लहान कणांचा गठ्ठा असल्यामुळे पुष्कळ पसारा उडतो व त्यात हिग्जच्या खुणा शोधाव्या लागतात. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची टक्कर त्या मानाने स्वच्छ. म्हणून सोनाराच्या काट्यासारखे, सुमारे ९१ किलोमीटरचे नवे यंत्र योजिले आहे. त्यावर कित्येक मापे शेकडा १ च्याही आत यावीत, अशी अपेक्षा आहे. तेवढासा फरक आढळला, तरी त्यामागे आजवर अज्ञात असलेले काही असू शकेल.

पुण्यात जन्मलेल्या, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांनी अशा भावी यंत्रांवर हिग्जची पारख कशी करावी, ह्या अभ्यासात अनेक वर्षे वेचली. असे यंत्र उभे राहण्यापूर्वीच त्या निवर्तल्या.

आम्हास लाज वाटली ती येथे. ज्यांचे उत्तर जवळजवळ जुळले आहे, ते म्हणतात, "अजून मोजू." आणि आम्ही काही न मोजता पारडे भरून मोकळे झालो! उद्या माप सरकले, तर अशा पुराव्यावर टांगलेल्या त्या मुलाच्या विश्वासाचे काय? देव कोणाच्या काट्यावर चढत नाही. म्हणूनच काट्यावरच्या कणाला त्याचे नाव देण्याचा अधिकार आम्हास नाही.

पुढील रविवारी त्याच ठिकाणी उभे राहून आम्ही आपली चूक कबूल केली. थोमाने पुरावा मागितला तेव्हा प्रभूने त्याला हाकलून दिले नाही, आपले हात दाखवले. बंधुभगिनींनो, जे मोजले ते मोजले म्हणून सांगावे. जे विश्वासाने धरले ते विश्वासाने धरले म्हणून सांगावे. सत्याच्या देवाला आमच्या खोट्या वजनाची गरज नाही.