किंकाळीचे श्रोते

भुतांवर माझा विश्वास नाही. पण पैसे मोजून भूत ऐकायला जाणाऱ्या माणसांवर आहे. ती दिसतात तरी! संध्याकाळच्या फेरीत शनिवारवाड्यापाशी आलं, की गाइड आवाज खाली आणतो. ३० ऑगस्ट १७७३. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे पुढे, गारदी मागे. ‘काका, मला वाचवा!’ ही हाक म्हणे पौर्णिमेला अजून ऐकू येते. मंडळी सुखाने शहारतात.

आता मला सांगा, ‘वाचवा’ म्हणणाऱ्याला ‘वन्स मोअर’ द्यावा का? रामशास्त्र्यांनी त्या खुनाचा जाब खुद्द राघोबादादांना विचारला. आपण विचारतो, ‘पौर्णिमा कधी?’ अडीचशे वर्षांपूर्वीच्या हाकेची सोय अशी, की धावून जावं लागत नाही. शेजारच्या ब्लॉकमधून तशीच हाक आली, की आपण टीव्हीचा आवाज वाढवतो.