स्टाफ कमी आहे, म्हणून?

बसू नका. दोघीही उभ्या राहा. बाकीच्यांनी वह्या मिटा, हे लिहून घ्यायचं नाही, ऐकायचं आहे.

हा फिमेल मेडिकलचा टीपीआर चार्ट. सकाळी सहाचा रकाना वाचा. एक नंबरपासून सतरा नंबरपर्यंत तापमान ९८.६, नाडी ८०, श्वास २०. सतरा बायका, त्यात दोघी न्यूमोनियाच्या, एक सिकलसेलची पोर रात्रभर कण्हत होती, आणि सगळ्यांची नाडी एकाच ठेक्यात! बरं, चौदा नंबरचं काय? संग्रामपूरकडची ती आजी पहाटे साडेतीनला १०८ मध्ये घालून अकोल्याला रेफर केली. ओव्हर बुकात तशी नोंद आहे, तुमच्यातल्याच एकीच्या अक्षरात. मग सहा वाजता तिच्या काखेत थर्मामीटर कुणी लावला? बाळापूरला गाडी थांबवून?

हसू नका मागे. हा रकाना रात्री दोनला, खुर्चीत बसून, एका हाती भरलाय. शाईसुद्धा बदललेली नाही.

आता दुसरं. पिवळ्या पिशवीत सुई सापडली. सापडली कशी? सफाईच्या मावशीच्या तळव्यात घुसून सापडली. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, हे पहिल्या वर्षी शिकवलं. सुई पांढऱ्या डब्यात, पिवळ्या पिशवीत नाही, हे भिंतीवर चित्रासकट लावलंय. डबा ट्रॉलीपासून चार पावलांवर होता. त्याहून संताप आणणारी गोष्ट म्हणजे तुमच्यातली एक तिला म्हणाली, "मावशी, दाबून रक्त काढून टाका, काही होत नाही." कुठल्या पुस्तकात वाचलंस गं हे? दाबायचं नाही, पिळायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि तडक कॅज्युअल्टी. एचआयव्हीच्या प्रतिबंधाची गोळी सुरू करायची तर दोन तासांत केलेली बरी, ७२ तासांनंतर तिचा उपयोग नाही. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर शंभरातल्या तीसजणांपर्यंत लागण होऊ शकते. मावशीने लस घेतली आहे का, हे तिला विचारलं तुम्ही? जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम सांगतात की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ती लस मिळाली पाहिजे. तुम्हाला तीन डोस मिळालेत. ती ठेकेदाराची माणूस, तिचं नावसुद्धा तुम्हाला ठाऊक नाही.

"मॅडम, रात्री दोघीच होतो." आलं उत्तर. मला वाटलंच होतं.

होय, दोघीच होतात. स्टाफ कमी आहे, हे मला तुम्ही सांगायला नको. नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि साध्या रुग्णालयात पाचांमागे एक, वर रजेसाठी तीस टक्के राखीव. आपल्या जिल्ह्यात घाटावर जा नाहीतर घाटाखाली, एवढी माणसं कोणत्या वॉर्डात दिसतात ते दाखवा मला. शिवाय विद्यार्थिनी म्हणजे मनुष्यबळ नव्हे. तुम्हाला नाइटला स्टाफच्या जागी उभं केलं हा वरच्यांचा दोष आहे आणि त्यावर मी मेट्रनच्या टेबलापुढे भांडणार आहे. तो वेगळा हिशेब. तो तुमच्या चार्टाच्या आड येत नाही.

३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरीला, बारा लेकरांच्या तोंडात पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर गेलं. बाटलीवरचं नाव वाचायला किती पदं भरावी लागतात गं? एक माणूस पुरतो, डोळे उघडे असले तर.

आणि आता नीट ऐका, कारण हे तुमच्या पोटापाण्याचं आहे. ९ जानेवारी २०२१, भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय, नवजात शिशू कक्षाला पहाटे आग लागली. दहा बाळं गेली. चौकशी झाली, वरचे काही निलंबित झाले. फौजदारी गुन्हा कुणावर नोंदवला? दोन परिचारिकांवर, त्याही कंत्राटी. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, अकरा रुग्ण दगावले. अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी बाईंना आणि तीन परिचारिकांना. वायरिंग त्यांनी केलं होतं का? आगीची यंत्रणा बसवायची निविदा त्यांच्याकडे होती का? नव्हती. पण त्या वेळी ड्युटीवर सही त्यांची होती.

उद्या इथे काही झालं तर चौकशी समिती तुमचे दमलेले पाय बघणार नाही, कागद बघेल. आणि कागदावर तुम्ही काय लिहून ठेवलंय? की सतरा रुग्ण, दोघीजणी, आणि सगळं वेळेवर झालं, सगळ्यांची नाडी ८०. अगं बायांनो, हा खोटा रकाना म्हणजे तुमच्याच सहीने सरकारला दिलेला दाखला आहे की दोघी पुरतात, तिसरी नको! रिक्त पदं भरा म्हणून मोर्चात घोषणा द्यायच्या आणि रात्री दोनला त्याच मागणीवर स्वतःच्या हाताने काट मारायची.

नाही जमलं तर "नाही जमलं" असं लिहायचं. रुग्ण किती, परिचारिका किती, कुणाला किती वाजता फोन केला, पलीकडून काय उत्तर आलं. चार ओळी. ज्या ड्युटीला हे लिहिलेलं असतं, तिला साहेबसुद्धा जपून हात लावतात.

तिसरी गोष्ट मी तुमच्याकडून नव्हे, वॉचमनकडून ऐकली. बारा वाजता दारू पिऊन आलेला एक नातेवाईक एकीच्या अंगावर धावला, खांद्याला धक्का दिला. ओव्हर बुकात त्याचा एक शब्द नाही. का? "पेशंट गरीब होता, मॅडम." धक्का देणारा पेशंट नव्हता. २०१० पासून राज्यात कायदा आहे, रुग्णालयात काम करणाऱ्यावर हात उचलला तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. पण तक्रारच नसेल तर कायदा काय करणार? आणि एक्स-रेच्या मागच्या बोळातून रात्री एकटीने स्टोअरला जाणं आजपासून बंद. १९७३ च्या नोव्हेंबरात केईएमची परिचारिका अरुणा शानबाग कपडे बदलायला तळघरात गेली होती, तिथेच तिच्यावर हल्ला झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. दोष तिचा नव्हता. सुरक्षित जागा देणं रुग्णालयाचं काम होतं. त्यानंतर ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. त्या बोळात दिवा नाही, हे तुम्हाला दोघींना माहीत आहे आणि लेखी कुणीच दिलेलं नाही. ते आज द्या. पोच घ्या.

रडू नकोस. रुमाल खिशात घाल आणि पेन काढ.

चार्टवर व्हाइटनर लावायचं नाही, पान फाडायचं नाही. सहाच्या रकान्यावर एकच रेघ मारा, खालचं वाचता येईल अशी. बाजूला "तपासले नाही" लिहा. वेळ, तारीख, सही. मावशीला मी सकाळीच कॅज्युअल्टीत नेलं, तिने पहिली गोळी घेतली आहे. तिचं रक्त तपासायला गेलंय आणि दीड महिन्याने, मग तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागेल. तेव्हा तिच्यासोबत जायची जबाबदारी जिने सुईला टोपण लावलं तिची. ती कोण, हे मला संध्याकाळी पाचपर्यंत तिच्याच तोंडून कळलं पाहिजे.

तोवर दोघींचीही नाइट बंद. जा वॉर्डात. उरलेल्या सोळा जणींचं तापमान आत्ता घ्या, मी दहा मिनिटांत मागून येते आहे.