पोटाला चिमटा

माझी दुसरी कादंबरी २०२१ साली प्रसिद्ध झाली. छपाईचा निम्मा खर्च प्रकाशकाने माझ्याकडून घेतला होता. ही गोष्ट लेखकाने चारचौघांत सांगू नये असा संकेत आहे. मी मात्र ती प्रस्तावनेतच सांगून टाकली. 'पोटाला चिमटा काढून या पुस्तकासाठी पैसे उभे केले आहेत, वाचकांनी गोड मानून घ्यावे,' असे एक वाक्य मी तिथे लिहिले. लिहिताना मला स्वतःविषयी बरेच बरे वाटले होते, हे आता नाकबूल करण्यात अर्थ नाही. हालअपेष्टा सोसून वाङ्मयसेवा करणाऱ्या जुन्या लेखकांच्या पंक्तीला आपण कोपऱ्यात का होईना बसलो, असे काहीतरी मनात आले असावे.

आपल्या भाषेतला हा वाक्प्रचार मोठा सोयीचा आहे. पोटाला चिमटा काढला, एवढेच त्यात सांगावे लागते. पोट कुणाचे, हे कुणी विचारत नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आजच्या भाषेत दहावी. चित्रकलेच्या दोन सरकारी परीक्षा दिल्या होत्या, त्यांच्या जोरावर तालुक्याच्या गावी एका विनाअनुदानित शाळेत चित्रकला शिकवतो. पगार बेताचा आणि तोही तारीख चुकवून येणारा. घरात पाच माणसे : आई, पत्नी, दोन मुले आणि मी. पत्नी घरी शिवणकाम करते. जमाखर्चाची वही माझ्याकडे. ही चाल वडिलांपासूनची. वाण्याकडून आणलेले अर्धा पाव जिरेदेखील ते वहीत टिपून ठेवत, आणि महिन्याच्या शेवटी बेरीज जुळली की एखादी ओवी जमल्यासारखा त्यांचा चेहरा होई. मला तो आनंद वारशाने मिळाला आहे.

काटकसरीची विद्या मला चांगली अवगत आहे असा माझा समज होता, आणि तो सर्वस्वी खोटाही नव्हता. वर्षाचे गहू आणि ज्वारी सुगी संपल्यावर, चैत्रात, भाव उतरलेले असताना घ्यावी. उन्हे दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवावी. उधारीच्या वाण्यापेक्षा रोखीचा वाणी दूर असला तरी बरा, कारण उधारीत माणूस भाव विचारत नाही. यादी घरून लिहून न्यावी आणि दुकानात तिच्यात भर घालू नये. पुड्यातल्या मसाल्यापेक्षा धने-मिरच्या आणून घरी कुटलेला स्वस्त पडतो. २०१५ च्या दसरा-दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली, तेव्हा आमच्या घरी दोन महिने मसुरीची आमटी आणि मटकीची उसळ झाली. कुणी तक्रार केली नाही. कादंबरीसाठी मी असेच महिन्याला नऊशे रुपये बाजूला टाकत गेलो. तीन वर्षांत ३२,४०० रुपये जमले. त्या ओळीखाली मी दुहेरी रेघ मारली होती.

नऊशे रुपये वाचवायचे ते खाण्यातूनच कां, असा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. एन्गेल नावाच्या एका जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली लिहून ठेवले आहे की, कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीत हा वाटा खेड्यांत शंभरातले सत्तेचाळीस आणि शहरांत सुमारे चाळीस निघाला. माझ्या वहीत तो बावन्न होता. मोठ्या रकमेतूनच थोडे काढता येते, हे एक कारण झाले. दुसरे कारण मला जास्त खरे वाटते. विजेचे बिल थकले तर तार तोडायला माणूस येतो. शाळेची फी थकली तर मुलाच्या हाती चिठ्ठी येते. घरभाडे थकले तर मालक स्वतःच येतो. आमटीत डाळ कमी पडली तर कुणीच येत नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात पत्नी शिवणयंत्रावर बसल्या बसल्या चक्कर येऊन पडली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले. हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन दशांश. बाईमाणसाचे बारा तरी असायला हवे, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयाने लहान होत्या, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीसारख्या. त्यांनी हिला विचारले, "दूध, उसळ, पालेभाजी, काय काय खाता?"

"सगळं खाते की," ही म्हणाली.

त्या काही बोलल्या नाहीत. एकदा माझ्याकडे पाहिले आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

त्या रात्री मी वही काढून बसलो. तिच्यात 'दूध अर्धा लिटर' असे वर्षानुवर्षे लिहिलेले होते. मी प्रथमच तो अर्धा लिटर वाटून पाहिला. मुलांना सकाळी एकेक लहान पेला, आईचा आणि माझा दोन वेळचा चहा, आणि राहिलेले विरजणाला. कारण मला पित्ताचा त्रास, रात्री दही लागते. अर्धा लिटर तिथेच संपला. हिच्या चहाला दूध उरलेच नाही. पण ही तर कोरा चहा पीत असे. कोरा चहाच आपल्याला मानवतो, असे तिने फार पूर्वी एकदा सांगितले होते आणि मी ते ऐकून घेतले होते. माहेरी दोन म्हशी असलेल्या मुलीला कोरा चहा आवडू लागला, याचे मला नवल वाटायला हवे होते.

मग उसळ आठवली. पातेल्यात डाव घातला की वाढणाऱ्याचा हात आपोआप तळाशी जातो आणि दाणा वर येतो. शेवटी जेवणाराच्या वाटणीला रस्सा राहतो. आमच्या घरी शेवटी जेवणारे माणूस एकच होते. मी महिन्याला नऊशे रुपये वाचवले, ते पाच ताटांतून थोडे थोडे वाचले असे धरून चाललो होतो. ते बहुतेक एकाच ताटातून वाचले होते.

हे केवळ माझ्या घरापुरते असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी शंभरात सत्तावन्न पंडुरोगी निघाल्या; त्याच वयाच्या पुरुषांत शंभरात पंचवीस. बायकांच्या पंडुरोगाला इतरही कारणे आहेत, हे डॉक्टरीणबाईंनी मला नंतर समजावून सांगितले, आणि ते खरेच आहे. पण चूल एक, धान्य एक, वाणी एक, आणि आकड्यांत एवढी तफावत. तिचा काही भाग तरी वाढणाऱ्या हाताचा आणि जेवणाच्या क्रमाचा असणारच.

मी हिला म्हणालो, "माझं चुकलं."

ती म्हणाली, "पोटाला चिमटा काढला म्हणून पुस्तकात लिहिलंत ना? मी वाचलं होतं."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? खरंच होतं की ते."

यात टोमणा होता की नाही, हे मला अजून नक्की कळलेले नाही. मी शिक्षकाच्या उत्साहाने पुढे म्हणालो की, आता वहीत प्रत्येकाच्या नावाचा रकाना पाडू. कुणी काय खाल्ले ते रोज लिहू. तेव्हा मात्र ती उसळली.

"माझ्या ताटाचा हिशेब वहीत नको. आईंना, पोरांना मी दिलं ते माझं मी दिलं. तुम्ही ते लिहून काढलंत, की माझ्याकडून कुणी चोरून नेल्यासारखं होईल."

मी चार दिवस या बोलण्याचा विचार करीत होतो, आणि अजून तो पुरता संपलेला नाही. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या पानातला घास दुसऱ्याला देणे ही माणसाच्या हातून होणाऱ्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. ती गोष्ट तिची होती, आणि मी तिला माझ्या जमाखर्चातली चूक ठरवत होतो. पण दुसऱ्या बाजूने पाहावे तर दान हे कधीतरी दुसऱ्याकडूनही यावे लागते. रोज, वर्षानुवर्षे, एकाच माणसाने द्यायचे आणि बाकीच्यांनी घेतल्याचे त्यांना ठाऊकही नसायचे, याला दान म्हणावे की वहिवाट? दान नाकारता येते. मला ते नाकारण्याची संधी नव्हती, कारण ते मला दिसलेच नव्हते. आणि दिसले नव्हते, याचे कारण मी पाहत नव्हतो. हे शेवटचे वाक्य लिहिणे टाळता आले असते तर मी टाळले असते.

आईला यातले काही सांगितले नव्हते, पण घरात काय शिजते ते तिला कळतेच. ती १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगू लागली. तेव्हा ती चौदा वर्षांची होती, दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी, यांवर ते वर्ष निघाले. सुकडीचा निम्मा वाटा ती पदरात बांधून धाकट्या भावासाठी घरी आणी. "तवा समदीच उपाशी हुती रं," ती म्हणाली. "कुणाचं कुणापासनं लपत न्हवतं."

तिचीच एक जुनी सवय मला त्यावरून आठवली. मी लहान असताना ती रोज दळणाच्या डब्यातून पीठ घेताना आधी एक मूठ बाजूच्या गाडग्यात टाकी, आणि मग भाकरीचे पीठ मळायला घेई. आषाढात दिंडी आली की ते गाडगे रिकामे होई. पणजीला मुष्टिफंड या नावाची शिक्षणसंस्था आहे. पोर्तुगीज अमलात, १९०८ साली, मराठी शाळेसाठी ती उभी राहिली, आणि तिचे नाव घरोघरच्या बाजूला काढलेल्या मूठभर तांदळावरून पडले. मी पणजीला गेलो होतो तेव्हा त्या नावाची मला गंमत वाटली होती. आता त्यातली एक गोष्ट ध्यानात येते. मूठ काढायची ती कोरड्या धान्यातून, चूल पेटण्यापूर्वी. मग सगळ्यांचीच भाकर तेवढी पातळ होते. सासऱ्याचीही आणि सुनेचीही. शिजल्यानंतर जे वाचवले जाते ते मात्र शेवटच्या ताटातूनच वाचते. मी नऊशे रुपये वहीत वाचवत होतो, मापात वाचवत नव्हतो. डाळ कमी आणायचो आणि ती कुणाच्या वाटीत कमी पडायची, हे ठरवण्याचे काम स्वयंपाकघरावर सोडून द्यायचो.

मध्यंतरी मी दुसऱ्या टोकाला गेलो. घरातल्या कुणाच्या ताटातून काही काढायचे नाही, तर बाहेर वाचवू, असे म्हणून आठवडी बाजारात भाजीवाल्या बायकांशी घासाघीस करू लागलो. मेथीच्या जुडीमागे पाच रुपये कमी केले की पराक्रम वाटे. (बिस्किटाच्या पुड्यावर छापलेल्या किमतीशी कुणी घासाघीस करीत नाही, समोर बसलेल्या माणसाशीच ती करायची असते.) २०२३ च्या फेब्रुवारीत बातमी आली की, सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला, आणि हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. तो महिना माझ्या वहीत कांद्याच्या बाबतीत उत्तम होता. चिमटा घराबाहेर गेला, एवढाच त्याचा अर्थ. यावर माझ्याजवळ उपाय नाही. मी चढा भाव दिला तरी तो पैसा शेतापर्यंत पोचेल, याची हमी कोण देणार? जुडीमागचे पाच रुपये तेवढे मी सोडून दिले.

घरात आता दूध पाऊण लिटर येते. मी दही सोडले. पित्तावर त्याचा काही परिणाम झाला नाही, बहुधा पूर्वीही होत नसावा. भाजी सगळ्यांच्या वाट्यांत आधी वाढून ठेवायची आणि मग जेवायला बसायचे, असा नियम आहे. मुलगा कुरकुरतो, त्याला दुसऱ्यांदा घ्यायची सवय होती. तिसऱ्या कादंबरीचे हस्तलिखित ट्रंकेत आहे, आणि तिथे त्याला काही होत नाही. हिचे हिमोग्लोबिन गोळ्यांनी आणि थोडेफार खाण्याने पुढच्या वर्षी दहा पूर्णांक आठपर्यंत आले.

रकान्याचा वाद मात्र तडजोडीने मिटला. 'दूध' एवढाच एक रकाना पाडायचा, आणि तो मी भरायचा नाही, ती भरणार. रोज रात्री ती तारखेपुढे 'घेतले' असे लिहिते. अक्षर चांगले आहे, माझ्यापेक्षा वळणदार. मी कधी तपासले नाही. तपासणे बरे दिसले नसते.

गेल्या महिन्यात बाराव्या तारखेला विजेच्या बिलाची रक्कम टिपायला मी वही उघडली. दुधाच्या रकान्यात सतरा तारखेपर्यंत 'घेतले' लिहून झालेले होते.

ती आत भांडी घाशीत होती. मी वही मिटली आणि तिला विचारले, दूध कुठल्या पातेल्यात आहे. "कशाला?" ती म्हणाली. मी म्हटले, तापवतो.