न पेरलेलं कुणाचं?

मृगाचे दोन पाऊस पडले की आमच्या उमरेडकडच्या वावरात पेरलेल्याच्या आधी न पेरलेलं वर येतं. पऱ्हाटीचं बी अजून मातीतच असतं, अन् धुऱ्यावर तरोटा दाटून आलेला असतो. कोकणात यालाच टाकळा म्हणतात. कोवळा पाला उकडून, पिळून, कांदा-लसूण अन् भिजवलेली चण्याची डाळ घालून परतायचा. ज्वारीच्या भाकरीसंग दुसरं काही लागत नाही. जून झाला की मात्र ढोरंही तोंड लावत नाहीत. दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळतात. त्यातलं बी आंबट ताकात वाटून नायट्यावर, गजकर्णावर लावायची जुनी रीत. संस्कृतात तरोट्याचं एक नावच दद्रुघ्न, म्हणजे नायटा मारणारा. आजीला संस्कृत येत नव्हतं, पण बियांची पुरचुंडी तिच्या फडताळात असायचीच. आता त्याच बियांचा डिंक कारखान्यात काढतात अन् कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यात घालतात.

तरी आम्ही शेतकरी त्याला तण म्हणतो. मालकाला नको ते तण, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

पण भाजी तोडणाऱ्या बायांना तो हवा असतो. त्यांच्या नावावर जमीन नाही. आमच्याच वावरात निंदायला येतात, अन् पहाटे तरोटा खुडून, फडक्यात बांधून, पहिल्या एसटीनं नागपूरच्या कॉटन मार्केटला नेतात. कुणाची तुरीची शेंग न विचारता तोडली तर गावात बोभाटा होतो. तरोट्यासाठी कुणी कधी कुणाला विचारलं नाही. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण सगळे पाळत आले.

2002 साली बीटी आलं. पुढं परवानगी नसलेलं 'चोर बीटी' आलं, उभ्या पऱ्हाटीत तणनाशक मारलं तरी पीक न मरणारं. निंदणाला माणूस मिळत नाही, मिळालं तर मजुरी झेपत नाही, हे खरंच आहे. पिकाच्या तासातलं तण काढलंच पाहिजे. मीही जन्मभर डवरे हाकले. पण पंप पाठीवर आहेच म्हणून लोक धुराही फवारतात. पुतण्या म्हणतो, "काकाजी, वावर माहं, धुरा माहा, औषध माह्या पैशाचं. कोणाचं काय गेलं?"

सातबारा त्याच्या नावचा आहे, कबूल. पण सातबाऱ्यावर पेरलेलं पीक लिहितात. तरोटा त्यानं पेरला नाही, पाणी दिलं नाही, धुऱ्यावर तो पिकाचा घासही खात नाही. मग तो मारायचा हक्क कुठून आला? बरं, मारायचाच तर निदान सांगावं. हे औषध मारल्यावर पाला लगेच पिवळा पडत नाही, चार-सहा दिवस हिरवागार दिसतो. तेवढ्यात कुणी खुडला तर तो बाजारात जातो, अन् तिथून कुणाच्याही ताटात. पुतण्याला हे म्हटलं तर तो हसला, "मी काय दवंडी देऊ?"

द्यावी की. पूर्वी गावात गाय हरवली तरी दवंडी व्हायची.

आमच्याकडं निंदायला येणारी एक म्हातारी आता खुडण्याआधी धुऱ्यावरूनच हाक मारते, "फवारलं का जी?" जन्मात तिनं तरोट्यासाठी कुणाला विचारलं नव्हतं. माझ्या धुऱ्याचं मी सांगतो. पलीकडच्या धुऱ्याकडं ती हात दाखवते, तेव्हा मला काही सांगता येत नाही. ती अर्धंच फडकं भरून एसटीकडं जाते.